कैदी पळाला, संशय वॉर्डरवर: सही करण्याआधी हे वाचा

ताई, तुमचा प्रश्न आधी दोन वाक्यांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या, धाकटा भाऊ सीमाभागातल्या एका कारागृहात वॉर्डर, म्हणजे पहारेकरी. अकरा दिवसांपूर्वी पहाटेच्या मोजणीत एक कच्चा (खटला अजून चालू असलेला) कैदी कमी भरला आणि त्याच दिवशी भावासह तिघे निलंबित झाले. पोलीस रोज फोन करून बोलावतात, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. वरच्या एका साहेबांनी निरोप दिलाय, ‘चूक झाली, माफ करा, एवढं लिहून दे, मी सांभाळून घेतो.’ भाऊ लिहून द्यायला तयार आहे, तुमचं मन मात्र घेत नाही.

तुमचं मन बरोबर सांगतंय. ती चिठ्ठी लिहू नका. आधीच लिहून झाली असेल तर तिची प्रत मिळवा आणि पुढचं वाचा.

मी बेळगावच्या कोर्टांत तीसेक वर्षं फौजदारी वकिली करतोय. वॉर्डर, हेड वॉर्डर, एस्कॉर्टचे पोलीस असे ‘कैदी माझ्या ड्यूटीत पळाला’ म्हणून आलेले पक्षकार बरेच पाहिले. त्यांतल्या बहुतेकांची केस पहिल्या पंधरवड्यातल्या कागदांनीच घडली किंवा बिघडली.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आता चहाच्या टपरीवरसुद्धा ठाऊक असतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, म्हणजे जुनं २५-२६-२७, तेच सांगतं. पण कारागृहाचा अधीक्षक किंवा जेलर पोलीस नसतो. त्याच्याकडे दिलेल्या लेखी माफीला या कलमाचं संरक्षण आपोआप मिळत नाही. दबाव होता, आमिष होतं, हे आपण नंतर कोर्टात मांडू शकतो, पण ते सिद्ध करायचं ओझं आपल्या डोक्यावर येतं. ‘मी सांभाळून घेतो’ म्हणणारे साहेब साक्षीच्या पिंजऱ्यात आले की ‘मी असं काही म्हणालो नाही’ म्हणतात. त्यांच्यावरही चौकशी असते. त्यांनाही कोणीतरी खाली दाखवायचा असतो.

एक जुनी केस सांगतो, नावगाव गाळून. माझा पक्षकार घरी मराठी, नोकरीत कानडी असा आपल्यातलाच. त्याने अहवालात लिहिलं, ‘होरगे बिट्टे’. मराठीत म्हणजे ‘बाहेर सोडलं’. त्याला म्हणायचं होतं की रोजच्यासारखी बराक उघडली आणि बंद्यांना नळावर जायला बाहेर सोडलं. पोलिसांच्या कागदात तेच वाक्य ‘कैद्याला बाहेर सोडलं’ म्हणून आलं आणि दोषारोपपत्रात त्याचं ‘सोडून दिलं’ झालं. मराठीत काय, कानडीत काय, सोडणं हा शब्दच दुतोंडी. बराकीतून सोडणं हे त्याचं काम होतं, कोठडीतून सोडणं हा गुन्हा. तो फरक कोर्टाला पटवायला साडेतीन वर्षं लागली. बराक उघडल्याची वेळ रजिस्टरला होती आणि त्या वेळी आणखी चाळीस जण बाहेर आले होते, म्हणून पटलं.

म्हणून या प्रकरणात कायद्याची एकच रेघ समजून घ्या: हयगय आणि संगनमत यांच्यातली. बाकी सगळं त्याभोवती फिरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. कोर्टातले जुने लोक अजून जुन्या दंड संहितेची २२१, २२२, २२३ म्हणतात, ती आता २५९, २६०, २६१ झाली. लोकसेवकाने आपल्या ताब्यातल्या माणसाला हयगयीने पळू दिलं तर कलम २६१: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस एरवी त्याचा तपास करू शकत नाहीत. जाणूनबुजून पळू दिलं तर २५९ किंवा २६०, आणि तिथे शिक्षा पळालेला माणूस कोण होता यावर चढते. कलम २६० मध्ये, फाशीची शिक्षा झालेला पळाला असेल तर मदत करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. जन्मठेप किंवा दहा वर्षं नि वरची शिक्षा असलेला असेल तर सात वर्षांपर्यंत. त्याखालचा किंवा नुसता कोर्टाने कोठडीत धाडलेला असेल तर तीन वर्षांपर्यंत. कच्च्या कैद्याच्या बाबतीत पोलीस बऱ्याचदा २५९ लावतात आणि तिथे त्याच्यावरचा मूळ गुन्हा किती मोठा हे पाहिलं जातं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो तो हाच: पळालेल्यावर कलम कोणतं होतं?

तुम्ही म्हणाल, हयगय अदखलपात्र, मग पोलीस रोज कशाला बोलावतात? कैदी स्वतः पळाला हा वेगळा गुन्हा, कलम २६२, आणि तो दखलपात्र. एक दखलपात्र गुन्हा असला की त्याच्या जोडीच्या अदखलपात्राचाही तपास पोलिसांना करता येतो. शिवाय कटाचं कलम ६१ जोडलेलं असतं. पैशाचा संशय असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७ येतं, त्याला तीन ते सात वर्षं. ते आलं की प्रकरण जड झालं समजा.

एक गैरसमज इथेच काढतो. ‘सरकारी नोकर आहे, सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालत नाही’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २१८ चं ते कवच ज्याला काढून टाकायला खुद्द सरकारची मंजुरी लागते अशालाच. वॉर्डरला खात्यातला अधिकारी काढू शकतो, त्यामुळे ते कवच त्याला नाही. भ्रष्टाचाराच्या कायद्यातली कलम १९ ची मंजुरी मात्र त्याच्याही बाबतीत लागते, कारण ती काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यायची असते.

आता संगनमत सिद्ध करायला तपास अधिकारी काय धुंडाळतो? फोन, पैसा, किल्ली आणि वेळ.

फोनचं आपल्या भागात वेगळंच त्रांगडं आहे. कॉल रेकॉर्डमध्ये टॉवर दिसतो, माणूस उभा होता तो चौक दिसत नाही. तुरमुरी-बाचीच्या पट्ट्यात घराच्या गच्चीवरून बोललं तरी फोन शिनोळीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला टॉवर धरू शकतो. निपाणीच्या वेशीवर कागलकडचा. मग अहवालात येतं, ‘संशयित रात्री साडेअकराला महाराष्ट्र हद्दीत होता.’ पळालेला कैदीही चंदगडकडे गेला असावा असा अंदाज असला की दोन्ही जोडून गोष्ट तयार. माझ्या एका पक्षकाराच्या बाबतीत आम्ही त्याचं आधीच्या सहा महिन्यांचं रेकॉर्ड मागवलं. तो घरी असलेल्या जवळजवळ प्रत्येक रात्री फोन तोच टॉवर धरत होता. तो मुद्दा तिथेच संपला. तेव्हा भावाचं घर, क्वार्टर आणि सासुरवाडी कुठे, हे आत्ताच लिहून ठेवा.

पैशाचंही तसंच. आपल्याकडे पगार बँकेत, पण संसार पतसंस्थेत. पिग्मी फुटते, भिशी लागते, सोनेतारण सोडवलं जातं, ऊस बिल जमा होतं. नेमक्या त्या महिन्यात वहिनींच्या खात्यावर साठ हजार आले असतील तर पोलीस ते लाल पेनाने गोल करणार. पावत्या, पासबुकं, भिशी चालवणाऱ्याची वही आत्ता गोळा करा. दोन वर्षांनी भिशीवालाही आठवत नाही म्हणतो. एक मात्र करू नका: मागच्या तारखेची पावती बनवून घेऊ नका. खरा पैसा खोट्या पावतीने काळा होतो.

कुलूप न तुटता उघडलं असेल तर संशय आतल्यावर येणारच, त्यात पोलिसांची चूक नाही. पण आतल्यावर म्हणजे कोणावर? किल्ल्यांच्या गुच्छाची नोंद असते: कोणी घेतला, कोणी परत केला, किती वाजता. पाळी बदलताना हातोहात दिला जातो आणि नोंद दुसऱ्या दिवशी एका दमात भरली जाते, हेही मला ठाऊक आहे. तसं झालं असेल तर वकिलाला सांगा, लपवू नका. एकाच शाईने, एकाच हाताने भरलेलं पान मला लांबूनच दिसतं, आणि सरकारी वकिलालाही.

फसवणुकीने कैदी बाहेर जातात तो प्रकार निराळा. फूलनदेवी हत्येतला शेरसिंग राणा १७ फेब्रुवारी २००४ रोजी तिहारमधून गेला तो भिंत फोडून नव्हे. त्याचा साथीदार पोलिसाच्या वेषात आला, हरिद्वारच्या कोर्टात न्यायचंय म्हणाला आणि गेटातून त्याला घेऊन गेला. तिथे गेटवरच्या माणसाने कागद नीट पडताळला का हा प्रश्न हयगयीचा, विकला गेला का हा प्रश्न वेगळा. बंगळूरच्या परप्पन अग्रहारातून एम. जयशंकर १ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे भिंती चढून पळाला, तेव्हा दहाच्या वर कर्मचारी एका फटक्यात निलंबित झाले. एवढ्या सगळ्यांनी मिळून कट केला असा त्याचा अर्थ नसतो. ती वरची पहिली, सवयीची हालचाल. आणि सवय जुनी आहे. १६६६ साली महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा औरंगजेबाचा राग पहिल्यांदा जामीन राहिलेल्या रामसिंगावर निघाला. मागे सापडलेल्या रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर यांचे हाल करून रामसिंगाचं नाव वदवून घेतलं गेलं आणि त्याची मनसब गेली. फौलादखानाच्या पहाऱ्यात कुठे ढिलाई होती, हे कोणी आधी विचारलं नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत ते आपणच विचारायचं. त्या रात्री ड्यूटी रोस्टरप्रमाणे त्याची जागा कोणती? किती बराकी, किती बंदी, सोबत कोण? मॉडेल प्रिझन मॅन्युअल २०१६ सहा बंद्यांमागे एक पहारेकरी असावा म्हणतं. प्रत्यक्षात एका वॉर्डरकडे दोन बराकी असतात. देशभरातल्या कारागृहांत २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते. हे आकडे म्हणजे ‘म्हणून पळाला’ असा बचाव नव्हे, न्यायाधीश त्यावर हसतील. पण ‘या माणसाने नेमकं काय करायला हवं होतं आणि केलं नाही’ हे सरकारला दाखवावं लागतं, आणि तिथे हे उपयोगी पडतं. भावाने याआधी कधी रिपोर्ट बुकात लिहिलं होतं का, की मागचा दिवा बंद आहे, कॅमेरा चालत नाही, भिंतीलगत बांधकामाची शिडी पडून आहे? अशी एक ओळ माझ्या दहा युक्तिवादांपेक्षा भारी.

कैदी दवाखान्यातून किंवा कोर्टाच्या वाटेवर पळाला असता तर चित्रच वेगळं असतं. तिथे ताबा सहसा जिल्हा सशस्त्र पोलिसांच्या एस्कॉर्टकडे असतो आणि गेट बुकातली बाहेर पडल्याची सही कारागृहाची जबाबदारी संपवते. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून फार बोलत नाही.

सीसीटीव्हीचं आजच करा. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. अकरा दिवस गेलेत. अधीक्षकांना आणि तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की अमुक तारखेच्या रात्री दहापासून सकाळी आठपर्यंतचं सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण जपून ठेवावं. पोचपावती घ्या. दाद दिली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू. मला अनुभव असा की ज्या कॅमेऱ्यात आपला माणूस जागेवर उभा दिसतो तोच नेमका ‘नादुरुस्त’ निघतो. अर्ज दिलेला असला तर ते नादुरुस्त असणंही आपल्या बाजूने बोलतं.

पोलिसांचं रोजचं बोलावणं. भाऊ टाळू नये, पण तोंडी फोनवर जाऊही नये. साक्षीदार म्हणून बोलावताय की संशयित म्हणून, लेखी नोटीस द्या, असं नम्रपणे म्हणावं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशी करायची असते. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर अटकेला वेगळी कारणं लेखी द्यावी लागतात. तपासातल्या जबाबावर सही करायची नसते, पण फोन ताब्यात घेतला तर महजर, म्हणजे पंचनामा, करून घ्या, त्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर यायला हवा. खोटं पकडायच्या यंत्राची किंवा नार्को चाचणीची गोष्ट काढली तर संमतीशिवाय ती करता येत नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलंय, आणि तो खटला आपल्याच राज्यातला. ‘निर्दोष असशील तर घाबरतोस कशाला’ या वाक्याला भुलून संमती देऊ नये.

पळालेला कैदी सापडला आणि पोलिसांपुढे ‘वॉर्डरला पैसे दिले’ म्हणाला, तर वर्तमानपत्रात तेवढंच येईल. तेवढ्यावर शिक्षा होत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून एखादी किल्ली किंवा नोटांचं पुडकं सापडलं तर त्या सापडण्याला वजन येतं.

निलंबनाबद्दल थोडंच सांगतो. ती शिक्षा नाही. निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला साधारण निम्मा पगार. मुख्यालय सोडायला परवानगी लागते. भाऊ म्हणेल, मन लागत नाही, जोतिबाला जाऊन येतो. जाऊ नये. जोतिबा आपला असला तरी कोल्हापूर जिल्हा दुसऱ्या राज्यात आहे आणि ‘हद्द ओलांडली’ हा शेरा आपल्याला परवडणारा नाही. सौंदत्तीला जायचं तरी अर्ज देऊनच. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांच्या पुढे लांबवू नये, असं अजय कुमार चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटलंय. ती मुदत टळली तर आधी खात्यात अर्ज, मग राज्य प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याचं पीठ बेळगावातच आहे, बंगळूरला पळायला नको. फौजदारी बाजूने वर जायची वेळ आली तर धारवाडचं उच्च न्यायालयाचं पीठ.

खात्याची चौकशी १९५७ च्या कर्नाटक नागरी सेवा नियमांखाली होईल. लोक समजतात त्यापेक्षा ती जास्त धोक्याची. फौजदारीत संशयाचा फायदा मिळतो. चौकशीत ‘असं झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढंच पुरतं. कोर्टातून सुटून आलेला माणूस खात्यातून बडतर्फ झालेला मी पाहिलाय, आणि घरच्यांना ते शेवटपर्यंत समजलं नाही. दोन्हीकडे तीच घटना, तेच साक्षीदार आणि गुंतागुंत मोठी असेल तर खटला होईपर्यंत चौकशी थांबवा असं मागता येतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या कॅप्टन पॉल अँथनी यांच्या १९९९ च्या निकालाचा आधार घेता येतो. मात्र तो हुकमी एक्का नाही. साक्षीपुराव्यात भावाला सहकारी किंवा निवृत्त कर्मचारी मदतनीस म्हणून घेता येतो. रजिस्टरं माहीत असलेला निवृत्त हेड वॉर्डर शोधा, माझ्यापेक्षा तो जास्त कामाचा.

भाषेचं एक सांगतो, राग मानू नका. नोटीस कानडीत आली म्हणून ती परत करायची, मराठीत मागायची, असा सल्ला देणारे भेटतील. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, भावाची चौकशी तेवढी वाट पाहणार नाही. कानडी नोटिशीला कानडीत उत्तर द्यायचं, पण ते त्याने एकट्याने बसून लिहायचं नाही.

आणि एक अवघड गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. भावाने खरंच काही केलं असेल तर? पैसे नसतील घेतले, पण फोन आत नेऊन दिला असेल, नातेवाइकाचा निरोप पोचवला असेल, हा प्रकार सर्रास चालतो. जानेवारी २०२३ मध्ये नितीन गडकरींच्या नागपूरच्या कार्यालयात धमकीचे फोन गेले ते बेळगावच्या हिंडलगा कारागृहातून, हे सगळ्या देशाने वाचलं. आत फोन कसा जातो हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक वॉर्डरच्या मागे आहे. फोन देणं हा गुन्हा आहे, पण पळून जायला मदत करणं हा दुसरा. लहान गुन्हा लपवताना माणूस खोटं बोलतो आणि त्या खोट्यामुळे मोठा गुन्हा त्याला चिकटतो. तेव्हा जे असेल ते त्याने वकिलाला सांगावं. तुम्हालाही सांगायची गरज नाही. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्याने झाकलेलं असतं, बहिणीशी झालेलं नाही. उद्या तुम्हालाच साक्षीला बोलावलं तर?

येताना निलंबनाचा आदेश, एफआयआरची प्रत, मिळाल्यास त्या आठवड्याचं ड्यूटी रोस्टर आणि बँक-पतसंस्थेची पुस्तकं आणा. आणि भावाला एक वही द्या. त्या रात्री ड्यूटीवर चढल्यापासून सायरन होईपर्यंतचं सगळं त्याने लिहावं: कुठे उभा होता, कोणाशी बोलला, कधी डोळा लागला असेल तर तेही. वर पहिल्या ओळीत ‘वकिलांसाठी’ असं लिहावं, ती वही दुसऱ्या कोणाला दाखवू नये. आणि मराठीतच लिहावं. कानडी मी करून घेईन.